जॉर्ज फोरमनच्या आठवणीत क्लबात सत्र : कोणती लढत दाखवावी, काय शिकवावं? (चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

कोपऱ्यातला स्टूल

२१ मार्च २०२५ ला ह्यूस्टनमध्ये बॉक्सर जॉर्ज फोरमन गेला. ७६ वर्षांचा होता. येत्या रविवारी आमच्या क्लबात त्याच्या नावाने तीन तासांचं सत्र ठेवायचं घाटतंय. मुलं-मुली मिळून अठराजण आहेत, वय पंधरा ते अठरा, प्रत्येकाचं निदान वर्षभर शिक्षण झालेलं. हाताशी २० फुटी रिंग, चार हेवी बॅग आणि एक प्रोजेक्टर.

या पिढीला फोरमन दोनच कारणांनी माहीत आहे : किन्शासात मुहम्मद अलीच्या हातून हरलेला, आणि त्याच्या नावाच्या ग्रिलवाला (भाजण्याचं उपकरण). हार, फोटो, भाषण यात वेळ घालवायचा नाहीये. रिंगमध्ये श्रद्धांजली म्हणून घंटेचे दहा ठोके देतात त्याची नेमकी रीत काय? लढत कोणती दाखवावी, १९७३ ची जो फ्रेझरविरुद्धची की १९९४ ची मूररविरुद्धची? आणि परत आल्यावर तो दोन्ही हात आडवे घालून उभा राहायचा, तो गार्ड (बचावासाठी हातांची ठेवण) या वयाच्या मुलांना शिकवण्यात काही अर्थ आहे का?

टोलकरी

ठोक्यांचं आधी सांगतो, सोपं वाटतं पण गोंधळ तिथेच होतो.

खाली पडलेल्या बॉक्सरसाठी रेफ्री दहा आकडे मोजतो, तेच हे दहा. सगळे उभे, टोप्या काढलेल्या, ग्लोव्ह्ज घातलेले असतील तर हात खाली. नाव आणि दोन सालं (१९४९–२०२५) एवढंच माइकवर सांगायचं आणि माइक बंद करायचा, नाहीतर घंटेबरोबर तोही शिट्टी मारतो. दोन ठोक्यांमध्ये तीन सेकंद तरी जाऊ द्या. आधीचा नाद विरला की पुढचा. सगळं मिळून अर्धा मिनिट लागतो. घाईघाईने वाजवलंत तर पोरं सवयीने पवित्रा घेतात आणि मग हसू फुटतं.

टायमरमधली इलेक्ट्रॉनिक घंटा नको. ती एका बटणाला दोन-तीनदा वाजते आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो. जवळच्या शाळेतून पितळी टोल मागून आणा. तो दोरीला टांगलेला हवा, हातात धरलात की नाद मरतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून बोटांवर मोजायचं. वाजवणाराच मोजायला लागला की हमखास नऊ तरी होतात नाहीतर अकरा. दहाव्यानंतर टाळ्या नाहीत.

जॅब आधी

मूरर. फ्रेझरची लढत बघून मुलं एवढंच शिकतील की जोरात मारलं की माणूस पडतो.

५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. फोरमन ४५ वर्षांचा, वजन २५० पौंड, म्हणजे ११३ किलो. मायकेल मूरर २६ वर्षांचा, २२२ पौंडांचा, एकही लढत न हरलेला आणि डावखुरा. फोरमनच्या अंगावर किन्शासातलीच लाल शॉर्ट्स. त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो वीस वर्षांपूर्वी अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांकडे मूरर पुढे : दोघांकडे ८८-८३, एकाकडे ८६-८५. म्हणजे गुणांवर फोरमन जवळजवळ हरलेलाच होता.

पहिली फेरी, मधली कुठलीही एक आणि शेवटच्या दोन एवढंच दाखवा. आवाज बंद ठेवा. समालोचन चालू असलं की मुलं डोळ्यांनी बघत नाहीत.

बघायचं काय? त्याचा डावा हात. आपण उजवे आणि समोर डावखुरा असला की आपला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) त्याच्या पुढे आलेल्या उजव्या हातावर आपटतो. तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून दोन फेऱ्यांत मुलं जॅब मारणंच सोडतात. फोरमनने सोडला नाही. मूररचा पुढचा हात गुंतवून ठेवणं हेही त्याच्या जॅबचं कामच होतं. मूररचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस त्याला सारखा बजावत होता की त्याच्यासमोर उभा राहू नकोस, आणि मूरर हळूहळू तिथेच येऊन उभा राहत होता. पुढे असलेला माणूस आळसावतो, दुसरं काय.

आता उजवा हात. बराच काळ फोरमन तो बाहेरून वळवून आणतो. असे ठोसे येत राहिले की समोरच्याचे हात कानांकडे सरकतात आणि मधली वाट मोकळी होते. दहाव्या फेरीत जॅबमागून उजवा हात सरळ मधून गेला. तो ठोसा गोठवून दाखवा : कोपर बाहेर पडत नाही, खांदा वळतो, हात पुरता लांबायच्या आत मूठ हनुवटीवर असते. आखूड ठोसा आहे. २ मिनिटं ३ सेकंदांवर लढत संपली, आणि मूरर उठायच्या आधीच फोरमन कोपऱ्यात गुडघ्यांवर होता, प्रार्थना करत.

सराव असा घ्या. जोडीतला एक डावखुरा पवित्रा घेऊन फक्त गार्ड धरतो. दुसरा दोन जॅब त्याच्या पुढच्या ग्लोव्हवर मारतो, मग एक उजवा बाहेरून त्याच्या गार्डवर, हलकेच. तिसऱ्या जॅबनंतर उजवा सरळ मधून, छातीच्या उंचीवर, स्पर्शापुरता. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मग बदल. ग्लोव्ह्ज १६ औंसांचे, हेल्मेट चढवलेली. हमखास होणारी चूक म्हणजे सरळ उजव्याच्या आधी मुलं मूठ मागे ओढतात. ओढली की समोरच्याला पत्र पाठवल्यासारखंच. उजव्या बगलेत दुमडलेला नॅपकिन धरायला सांगा. ठोसा सुटताना तो पडायला हवा, त्याआधी पडला तर कोपर उघडलं.

दोराला पाठ

मूररबद्दल सहमत, पण एकटी तीच दाखवलीत तर अर्धंच कळेल. तो काय शिकून आला हे समजायला आधी काय येत नव्हतं ते दिसायला हवं, आणि ते ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात दिसतं.

तेव्हा तो २५ वर्षांचा, ४० लढतींत ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. आधीच्या तीन लढती, फ्रेझर, रोमन आणि नॉर्टन, मिळून पाच फेऱ्यांतच आटोपलेल्या. लांबच्या लढतीची सवय मोडलेली. पहिल्या फेरीत बघा, तो अलीच्या मागे धावत नाही, वाट अडवतो. अली दोन पावलं टाकतो तेव्हा याला एक पुरतं. पळत राहिलो तर आपणच आधी दमू हे अलीच्या ध्यानात आलं आणि दुसऱ्या फेरीपासून त्याने पाठ दोरांना टेकवली. पुढे फोरमन लांबून वळवून मारतोय, बरेचसे ठोसे अलीच्या कोपरांवर आणि दंडांवर. चुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण लागलेला समोरचं शरीर थांबवतं आणि चुकलेला आपल्याच खांद्याला थांबवावा लागतो. आठव्या फेरीत २:५८ वर तो बाद झाला.

डंडीने दोर मुद्दाम सैल केले ही दंतकथा पोरांना सांगू नका. दोर सैल होते, पण आपण ते सैल केले नाहीत हेच त्याचं कायम म्हणणं होतं. आणि तुमच्या रिंगमध्ये कुणालाही अलीसारखं दोरांवर रेलू देऊ नका. क्लबातले दोर ओढून बांधलेले नसतात, उभ्या पट्ट्या नसतील तर दोन दोरांमधून पोरगं थेट फरशीवर जातं.

बॅगवर करायचं असेल तर अठराजणांचे चार गट पाडा, बॅगवर पाळीपाळीने दोन-दोन. पहिल्या मिनिटाला फक्त मोठे वळवलेले ठोसे, पूर्ण ताकदीने. पुढची दोन मिनिटं जॅब-जॅब-उजवा. जोडीदाराने प्रत्येक मिनिटाचे ठोसे मोजून फळ्यावर लिहायचे. मग पाच मिनिटं विश्रांती आणि तीच फेरी उलट क्रमाने. आकडे शेजारी-शेजारी दिसले की वेगळं समजावावं लागत नाही. श्वास रोखून मारणारे पहिल्याच मिनिटात ओळखू येतात, त्यांना प्रत्येक ठोशाला नाकातून ‘स्स’ करायला लावा. मनगटाचं बँडेज तपासल्याशिवाय कुणालाही पूर्ण ताकदीचं मिनिट देऊ नका. वळवलेला ठोसा बॅगवर अंगठ्याच्या बाजूने बसला की मनगट मुरगळतं.

कोपऱ्यातला स्टूल

टोल शेजारच्या शाळेतून मिळतोय. बॅगचा सराव घेतोच. गार्डचं कुणी सांगेल का? आणि फ्रेझर अजिबातच दाखवू नये का? सहा वेळा पाडलं होतं, मुलं तेच मागणार.

आडवा हात

गार्ड दाखवा, स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) वापरायला देऊ नका. आर्ची मूर या जुन्या बॉक्सरने हा गार्ड गाजवला, आणि मूर फोरमनच्या पहिल्या कारकिर्दीतही त्याच्या कोपऱ्यात होता. तरी फोरमनने तो मनापासून अंगीकारला १९८७ मध्ये परत आल्यावर. दहा वर्षं रिंगबाहेर, ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक. परतीच्या पहिल्या लढतीला वजन २६७ पौंड. असा माणूस डोकं झपाझप हलवून ठोसे चुकवू शकत नाही, मग हातांनीच भिंत बांधायची.

रचना सोपी आहे. डावा हात पोटासमोर आडवा, मूठ उजव्या बरगडीच्या बाजूला. उजवा हात त्याच्या वर, हनुवटीसमोर आडवा, तळवा बाहेर, मूठ डाव्या खांद्याकडे. हनुवटी खाली, वजन थोडं मागच्या पायावर. सरळ ठोसा आला की कोपर बोटभर वर उचलायचं, ठोसा हातावरून घसरून वर जातो. फोरमन त्यात भर घालायचा : समोरच्याचा जॅब निघायच्या आतच तळव्याने त्याचा ग्लोव्ह दाबून टाकायचा. कुस्तीतल्या खडाखडीसारखं, हाताला हात लावून आधी माप घ्यायचं.

कुठे फसतो? कानशिलावर बाहेरून येणाऱ्या हूकला कडा उघड्या असतात. दुसरं म्हणजे आडवे हात मोकळे करून मारायला वेळ लागतो, त्यामुळे उलटा ठोसा उशिरा निघतो. फोरमनला हा उशीर परवडायचा, कारण त्याच्या एका ठोशाची धास्ती सगळ्यांना होती. साठ किलोच्या मुलीला परवडणार नाही. तिसरं, हौशी स्पर्धेत नुसतं दोन्ही हातांआड लपून उभं राहणं फाउल आहे, रेफ्री ताकीद देतो. म्हणून दहा मिनिटं, जोडीने, हलक्या सरळ ठोशांवर, प्रत्येक अडवणुकीनंतर लगेच एक जॅब परत. परतीचा जॅब आला नाही तर ती अडवणूक मोजायची नाही.

फ्रेझर दाखवायला हरकत नाही, दोनच फेऱ्या तर आहेत. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन. दुसऱ्या फेरीत १:३५ वर थांबवली. पण पाडणं बघू नका, त्याच्या आधीचा एक सेकंद बघा. फ्रेझर वाकून, डोकं डोलवत आत घुसायचा. फोरमन त्याला दोन्ही हातांनी खांद्यांवर ढकलून एक पाऊल मागे सारतो, म्हणजे स्वतःच्या ठोशाला लागतं तेवढं अंतर तयार करतो, आणि पुन्हा वाकून येणाऱ्या डोक्याला खालून उजवा अपरकट. पहिल्यांदा पाडलं ते असंच. ढकलणं हौशी नियमांत फाउल आहे हे तिथल्या तिथे सांगा, नाहीतर सोमवारपासून सगळे ढकलाढकली करतील. ढकलण्याऐवजी मागच्या पायाने अर्धं पाऊल मागे घेऊन तेच अंतर मिळतं, सराव त्याचा घ्या.

जॅब आधी

वरच्यात एक राहिलं. परत आल्यावर फोरमन दोन फेऱ्यांमध्ये स्टुलावर बसत नसे, उभा राहायचा. मुलं त्याची नक्कल करणार, कारण रुबाबदार दिसतं. करू देऊ नका. समोरच्याला ‘मी दमलेलो नाही’ हे दाखवायची ती युक्ती होती. मुलांना तो एक मिनिट बसायला, माउथगार्ड काढून धुवायला आणि दोन घोट पाण्याला हवा. (धागाकर्त्याचं नाव बघता हे वेगळं सांगायला नको होतं.)

कोपऱ्यातला स्टूल

आमच्याकडे खरे डावखुरे चारच आहेत. मूररच्या सरावाला उरलेल्यांनी खोटा डावखुरा पवित्रा घेतला तर चालेल?

जॅब आधी

गार्ड धरण्यापुरता चालतो, पण वर्षभर शिकलेली उजवी मुलं उजवा पाय पुढे टाकल्यावर दोन्ही पाय एका रेषेत आणतात, आणि छातीवर हलका ठोसा बसला तरी मागे बसकण मारतात. जमिनीवर खडूने खांद्याएवढ्या अंतराच्या दोन समांतर रेषा आखा, एक पाय एका रेषेवर, दुसरा दुसऱ्या. चार खऱ्या डावखुऱ्यांना रिंगच्या चार कोपऱ्यांत उभं करा आणि बाकीच्यांना दोन-दोन मिनिटांनी कोपरा बदलायला लावा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला खरा डावखुरा येतो. त्या चौघांना मात्र मध्ये विश्रांतीला सोडा. चौदा जणांचे ठोसे, हलके असले तरी, एकाच जागी घेऊन छाती दुखते. छाती झाकणारा पॅड असेल तर तो द्या.