कृषी केंद्रातली पोरं मिसळून औषधं देणं थांबवत नाहीत, मदत हवी आहे

काळीमाती: दुकानात तीन पोरं आहेत. जूनमध्येच बजावलं होतं, आधी कीड विचारा, गरज नसेल तर औषध देऊ नका, चार औषधं एका पंपात घालायला सांगू नका. काल बिलं चाळली. एकाच बिलावर दोन कीटकनाशकं, बुरशीनाशक आणि टॉनिक! रागावलो तर सगळ्यात जुना पोरगा काम सोडतो म्हणाला. फवारणीची गर्दी तोंडावर आहे. लवकर सांगा.

बांधावरचा: पीक? जिल्हा?

काळीमाती: कापूस, यवतमाळ. दुसरं काय असणार?

निंबोळी५टक्के: निंबोळी अर्क ठेवा. पहिल्या दोन फवारण्या त्यातच निघतात, माझा अनुभव आहे.

बांधावरचा: त्यांनी अर्क विचारलाय का? प्रश्न माणसांचा आहे. भाऊ, पोरांना पगाराशिवाय काय मिळतं?

काळीमाती: कंपनीचा माणूस बाटलीमागे काहीतरी देतो. सगळीकडेच देतात.

जुना_दुकानदार: मग तुमच्या बजावण्याला काय किंमत? माझ्याकडे हेच होतं. कंपनीचे पैसे बंद केले आणि पगार वाढवला. एक गेला, दोन टिकले. त्यांना शेतात नेऊन कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडतो तो) पतंग मोजायला शिकवलं. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले तरच बोंडअळीचं औषध.

रानवारा: पोरांना ‘देसी’ डिप्लोमाला पाठवा, खतं-औषधं विकणाऱ्यांसाठीच असतो. हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा आहे, 48 आठवडे.

जुना_दुकानदार: 48 आठवड्यांनी हा हंगाम संपलेला असेल.

रानवारा: पुढचा हंगाम येणारच नाही का?

गाडीवान: युरियासोबत लिंकिंग करतात, म्हणजे नको असलेला दुसरा माल गळ्यात मारतात, त्याची तक्रार कुठे करायची? बॅग 45 किलोची झाली, त्यात हे.

बांधावरचा: वेगळा धागा काढा. काळीमाती, तुम्हाला स्वतःला कंपनीकडून काय मिळतं?

काळीमाती: गेल्या वर्षी टार्गेट पूर्ण केलं म्हणून टूरला गेलो होतो. पोरांना माहीत आहे.

बांधावरचा: तो जुना पोरगा तुमच्याकडेच बघून शिकलाय. 2017 ला आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते त्यानेही पाहिलंय. आधी स्वतःची स्कीम सोडा, मग त्याला घरी बोलावून बोला. गिऱ्हाइकांसमोर नको.

काळीमाती: काल गिऱ्हाइकांसमोरच बोललो. संध्याकाळी त्याच्या घरी जातो. पगार किती वाढवला होता ते सांगा, जुना_दुकानदार.