इंजिनच नाही, तर विमानाचं नाक किती लांब ठेवायचं? (विजेवरचा काल्पनिक रेसर, १:२०)

पॅटर्नवाले, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) बनवण्यात माझी उमर गेली. आता रिटायर. माडीवर एक बेंच, व्हाइस, रंधे, पटाशा, कानशी एवढं सामान ठेवून घेतलंय. हाताला काम पाहिजे म्हणून एक विमान करायला घेतलंय. उडवायचं नाही, शोकेसमध्ये ठेवायचं. पण जवळ जाऊन बघणाऱ्यानं नाव ठेवता कामा नये.

विमान कोणतं म्हणाल तर कुणीच न बांधलेलं. एका माणसाचं, विजेवर पळणारं, खांबांना वळसे घालत शर्यत खेळणारं. मुद्दाम असं निवडलंय. आजवर सगळं काम दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर केलं. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडं झाला की पॅटर्न परत यायचं. आता ड्रॉइंगच नाही म्हटल्यावर लई मोकळं वाटेल असं वाटलेलं. उलट झालं. चुकलं की बरोबर आलं, हे ताडून बघायला समोर काहीच नाही.

स्केल १:२० घेतलंय, मीटरला पाच सेंटीमीटर, हिशेब तोंडी होतो. पंख टोकापासून टोकापर्यंत ३०० मिमी, म्हणजे खरं विमान ६ मीटरचं. बॉडी २६० मिमी. अडलंय ते नाकापाशी. पेट्रोलच्या रेसरला जाड नाक असतं, कारण आत इंजिन आडवं पसरलेलं असतं. आपल्याकडं नुसती मोटर, ती ताटाएवढी. मग नाक सुईसारखं करू का? दिसतंय झकास, पण मनाला पटत नाही.

दुसरं, हवा आत घ्यायला तोंड लागतं का? पोरगा म्हणतो, वीज आहे, तापतंय कशाला. मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बराच वेळ बसलेला माणूस आहे, तिथला जळका वास मला माहीत आहे.

तिसरं, कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, कशाची करायची? मोल्डिंगवाल्याकडं जायचं नाही.

अक्षांश_अठरा, पुणे

काका, विमान काल्पनिक असू दे, नियम खरे घ्या. तुमचं ड्रॉइंग तेच.

फॉर्म्युला वन नावाचा विमान शर्यतींचा एक वर्ग आहे, १९४७ पासूनचा. मोटारींच्या फॉर्म्युला वनशी त्याचा संबंध नाही. कॉन्टिनेंटल ओ-२०० हे १०० हॉर्सपॉवरचं इंजिन, पंखाचं क्षेत्रफळ कमीत कमी ६६ चौरस फूट, रिकामं वजन कमीत कमी ५०० पौंड, चाकं कायम बाहेर, प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन) उडताना बदलता येत नाही. एअर रेस ई ही विजेवरच्या विमानांची शर्यत आखली गेली ती याच वर्गाच्या धर्तीवर, आणि २०२२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कॅसट जातीच्या जुन्या रेसरमध्ये मोटर बसवून 'व्हाइट लाइटनिंग' उडवलंही. तुमचं विमान त्याच्या शेजारी उभं राहायचंय असं धरा.

६६ चौरस फूट म्हणजे ६.१३ चौरस मीटर. क्षेत्रफळ स्केलच्या वर्गानं घटतं, म्हणून ४०० नं भागा: १५३ चौरस सेंटीमीटर. तुमचे ३०० मिमी कायम ठेवले तर पंखाची सरासरी रुंदी ५१ मिमी. मुळाशी ६४, टोकाला ३८ ठेवा, बरोबर जमतं.

आता नाक. त्यासाठी आधी बॅटरी. एक फेरी साधारण ५ किलोमीटरची, अशा आठ. ताशी ४०० नं गेलं तर सहा मिनिटांत खेळ संपतो. त्यात टेकऑफ, रांगेत येणं, उतरताना हाताशी राखीव असं सगळं मिळवून मी १८ किलोवॅट-तास धरतो. पेटीसकट १२० किलो आणि ६० लिटर (हा माझा अंदाज, पण फार लांबचा नाही). घनफळ घनानं घटतं, ६० लिटरला ८००० नं भागलं की साडेसात घन सेंटीमीटर. लाकडाचा ५० × १५ × १० मिमीचा ठोकळा कापा आणि तो कुठं बसतो ते बघा.

इंजिन काढलं की नाकातून ऐंशीएक किलो जातात, त्या जागी मोटर येते तिसेक किलोची. तोल मागं सरकतो, म्हणून बॅटरी पुढंच हवी. म्हणजे नाकाची लांबी जवळपास तीच राहते, जाते ती रुंदी. ओ-२०० इंजिन ८० सेंटीमीटर रुंद आहे, तुमच्या मापात ४० मिमी. इंजिनासाठी दोन्ही बाजूंना फुगवलेले ते गाल काढून टाका. बॉडी पायलटच्या खांद्यांएवढी, २७-२८ मिमी ठेवली की पुरे. सुई विसरा.

हवेबद्दल तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. १०० किलोवॅटची मोटर चांगली असेल तर पाचेक किलोवॅट उष्णता टाकते, बॅटरी आणि कंट्रोलर धरून दहा. पेट्रोल इंजिनाच्या मानानं काहीच नाही. पण सिलिंडरचं डोकं २०० अंशांला सुखात असतं आणि बॅटरी ६० च्या आत ठेवावी लागते. बाहेर उन्हाळ्याचे ३५ असतील तर उष्णता ढकलायला मधे उरतात फक्त २५ अंश. म्हणून रेडिएटर वाटतो तेवढा छोटा होत नाही. हनुवटीखाली ६ × ३ मिमीचं एक तोंड द्या. आणि हवा बाहेर पडायची फट विसरू नका. मॉडेलवाले तोंड कोरतात आणि फट विसरतात, मग ते विमान हवा गिळून बसल्यासारखं दिसतं.

रिकामटेकडा

मला एक सांगा, असं विमान जगात नाही. मग १५३ च्या जागी १६० झालं तर तक्रार कोण करणार?

पॅटर्नवाले, कोल्हापूर

भावा, १६० चालेल, नियम 'कमीत कमी'चा आहे. १५० चालणार नाही.

अक्षांश, ठोकळा कापला. पत्र्याचा एक माणूसही कापला, उभा ८७ मिमी, कंबरेत आणि गुडघ्यात बारीक रिव्हेट मारून हलता केला. बॉडीची बाजू पुठ्ठ्यावर काढून त्यात दोघांना बसवतोय. ठोकळा मांडीवर ठेवला की माणसाला बाहेरचं दिसत नाही. पायाखाली ठेवला की गुडघे कॅनॉपीला लागतात. शेवटी ठोकळा पायांच्या पुढं गेला आणि माणूस १२ मिमी मागं सरकला. आता सीट पंखाच्या मागच्या कडेवर येतंय आणि विमान एकदम कशासाठी तरी बांधल्यासारखं दिसायला लागलंय. हे मी डोक्यानं कधीच काढलं नसतं.

एक शंका. रोल्स-रॉइसच्या विमानाचे फोटो बघतोय, त्याचं नाक तर चांगलंच लांब आहे.

अक्षांश_अठरा, पुणे

ते 'स्पिरिट ऑफ इनोव्हेशन'. शर्यतीचं नाही, विक्रमासाठीचं. मूळ बॉडी नेमेसिस एनएक्सटीची, चाकं पोटात जाणारी. एकाच दांड्यावर तीन मोटरी आणि बॅटरीत सहा हजारांवर सेल, ते सगळं पायलटच्या पुढं. नाक लांब असणारच. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यानं ३ किलोमीटरवर ताशी ५५५.९ चा विक्रम केला. तुमच्या वर्गात ते बसत नाही, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: बॅटरीच्या पेटीला आगीपासून बचाव म्हणून बुचाचं अस्तर होतं. एखादं झाकण उघडं दाखवणार असाल तर आत बुचाची पातळ चकती लावा.

प्रोपेलरचंही सांगतो. शर्यतीत ओ-२०० मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास पळवतात. दीड मीटर व्यासाच्या प्रोपेलरचं टोक तेव्हा आवाजाच्या वेगाजवळ जातं. मोटरला कमी फेऱ्यांतही जोर असतो, त्यामुळे पातं थोडं रुंद आणि संथ चालेल. व्यास ७५ मिमी ठेवा. त्यावरून चाकांची उंची ठरते. विमान सपाट धरलं तर प्रोपेलरच्या मध्यापासून जमीन ५० मिमी. यापेक्षा कमी केलं तर बघणारा पहिलं बोट तिथंच ठेवेल.

कात्री_आणि_डिंक, नाशिक

काका, कॅनॉपी घरी होते. लाकडाचा ठोकळा कॅनॉपीच्या आकाराचा करा, पण खाली १० मिमी जादा ठेवा. सीलर मारून काचेसारखा गुळगुळीत करा, लाकडाची रेष राहिली तर ती प्लास्टिकवर उमटते. मग कोल्ड्रिंकची, रेघा नसलेली बाटली घ्या. तळ कापा, ठोकळा आत सारा, मागून पाचर मारून घट्ट करा आणि हॉट एअर गननं लांबून फिरवत गरम करा. बाटली आवळून ठोकळ्यावर बसते. एका जागी थांबलात तर प्लास्टिक पांढरं पडतं, मग ते टाकूनच द्यायचं. पाण्याच्या पातळ बाटल्यांच्या नादी लागू नका.

पंखाला बाल्सा वापरा, पटकन घासला जातो.

पॅटर्नवाले, कोल्हापूर

ताई, बाटलीची युक्ती झकास. ठोकळा करणं तर आमचा धंदाच.

बाल्सा मात्र नको. नखानं खड्डा पडणाऱ्या लाकडाला मी लाकूड म्हणत नाही. शिवणीच्या लाकडाचे तुकडे पडून आहेत. हलकी आहे, वाकत नाही, सागासारखी तेलकटही नाही. बॉडीसाठी दोन फळ्या मधे कागद घालून फेविकॉलनं चिकटवल्यात, तो जोड बरोबर मधल्या रेषेवर. आधी बाजूचा आकार करवतीनं काढायचा, मग वरचा, मग आठ पैलू, मग गोल. दर २० मिमीला पत्र्याचं टेम्प्लेट लावून बघायचं. आकार आला की जोडात पटाशी घालून हलका ठोका द्यायचा, कागद फाटून दोन अर्धे वेगळे. आतून पोकळ करायचे आणि डॉवेल (लाकडी खुंट्या) मारून परत जोडायचे. फाउंड्रीतलं स्प्लिट पॅटर्न असंच असतं, फक्त तिथं कुणी आत माणूस बसवत नाही.

पंखालाही तसंच, पण दोन फळ्यांच्या मधे काळा कागद. घासताना पुढच्या कडेला काळी रेघ दिसत राहते. ती सरळ असेल तर पंख सरळ, वळली की पंखाला पीळ पडला. मागच्या कडेला कागदाऐवजी पितळी पत्र्याची पट्टी घातलीय, लाकूड तेवढं पातळ टिकत नाही.

कात्री_आणि_डिंक, नाशिक

काळ्या कागदाचं आजच करून बघते. रंग कुठला मारणार? आणि कधी? कोल्हापुरात पाऊस लागलाय ना.

पॅटर्नवाले, कोल्हापूर

लागलाय म्हणजे, कपडे वाळत नाहीत. या हवेत लॅकर मारला की पांढरट ढग धरतोच, त्यामुळं रंग दसऱ्यानंतर. तोवर लांबी (पुट्टी) भरायची, वॉटर पेपर १८०, ३२०, ६०० असा घासायचा, सर्फेसर (रंगाआधीचा थर) मारायचा, खड्डा दिसला की परत लांबी. अंगाला पिवळा मारणार आणि पंखांवर काळा आकडा. नवनवीन कंपन्यांची नावं लावून विमान फ्लेक्स बोर्ड करायचं नाही.

चाकांना टायर म्हणून ओ-रिंग (पंपात असते ती रबरी गोल रिंग) बघतोय. बाहेरून १४ मिमी, जाडी ३ पाहिजे. इथं दुकानात या मापात जाडी अडीचच मिळते. कुणाला ३ ची मिळाली तर कुठल्या पंपाला लागते एवढं कळवा, मी इथल्या पंपवाल्याकडून मागवून घेतो.

रिकामटेकडा

अडीचची लावा, कोण मोजतंय.

पॅटर्नवाले, कोल्हापूर

मी.