आंबा घाटात पिकअप दमते, ट्युनिंग बॉक्स लावू की रिमॅप करू?

मासळीवाला_रत्नागिरी:
मंडळी, अडीच लिटर टर्बो डिझेल पिकअप आहे, बीएस ४. मिरकरवाड्यावरून मासळी भरून कोल्हापूर, क्रेट आणि बर्फ धरून दीड टनाच्या आसपास जातं. साखरप्यापर्यंत काही बोलायला नको पण घाट लागला की दुसऱ्या गिअरवरच अडकते, तिसरा टाकला की मागे काळा धूर आणि ओढ गायब, मागचे एसटीवाले हॉर्न मारून जीव खातात. एक जण बोलला बॉक्स लाव, प्लग जोडला की झालं. दुसरा बोलतो रिमॅपच कर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंगच बदल. टर्बो टिकेल ना? १ जूनपासून बोटी बंद, गाडी उभीच असते, तेव्हा काम काढीन म्हणतो.

घाटफिटर:
काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. हवाच पोचत नसेल तर वरून अजून डिझेल पाजून काय मिळणार, अजून धूर. बॉक्स करतो काय तर रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा आकडा ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कमी करून दाखवतो, मग तो बिचारा प्रेशर वाढवत बसतो, बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, त्याने वाढत नाही. रिमॅपमध्ये निदान डिझेल, बूस्ट, टॉर्कची लिमिट सगळं एकमेकाला धरून बसवता येतं, पण तेही इंजिन धड असेल तर.
आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) होस बघ. खालच्या होसला क्लिपपाशी तेलकट काळा ओलावा असेल, त्यावर धूळ चिकटून लगदा झाला असेल, तर हवा तिथूनच सुटतेय. नाही दिसलं तर फिल्टरकडचं तोंड बंद कर, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने १ बारच्या आतच हवा भर आणि साबणाचं पाणी मार. बुडबुडे लपत नाहीत.

देवगडचो:
आधी होस बघ रे, मगे काय तो रिमॅप कर. आणि मासळीचा खारा पाणी खंय गळता ता पण बघ. आमच्या गाडयेच्या बूस्ट सेन्सरचो प्लग उघडलो तर आत हिरवो गंज.

चढ_उतार:
क्लचचं कोणी बोललंच नाही. टॉर्क वाढला की जुनी प्लेट घाटात पहिली घसरते, वास येतो, मग खर्च डबल. आणि रिमॅप केलाच तर टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसव, भरल्या गाडीने चढताना काटा ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तिथेच बसला तर पाय उचल आणि गिअर खाली घे. रिमॅपवाले डायनोचा (रोलरवर गाडीची ताकद मोजायचं मशीन) कागद दाखवतात, पण रिकाम्या गाडीचा कागद आंबा घाटात काय कामाचा? ईसीयूची मूळ फाईल मात्र पेनड्राइव्हवर मागून घे. बीएस ६ वाल्यांनी हे वाचून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढायच्या भानगडीत पडू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत.

मासळीवाला_रत्नागिरी:
खालचा होस ओलाच निघाला, क्लिपखाली चीर. धूर बराच कमी झाला, तिसऱ्यावर चढते आता, रिमॅपचं जूनमध्ये बघू. तात्पुरती क्लिप पुढे सरकवून आवळलीय. नवीन सिलिकॉनचा टाकू का? दुकानदार निळा दाखवतोय, दिसतो भारी.

घाटफिटर:
साधा सिलिकॉन नको. टर्बोकडून थोडं तेल येतंच, त्याने तो फुगून मऊ पडतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असेल तर घे, नाहीतर कंपनीचाच रबरी. आणि क्लिप टी-बोल्टची घे.