माहेरची साडी आणि फराळ

निकाहनंतर हिंदू माहेरहून आलेली साडी, फराळ घ्यावा का, असं एका ताईंनी विचारलंय. "निकाहनंतर हिंदू माहेरची भेटवस्तू घेणं हराम (निषिद्ध)" असं त्यावर कुणीतरी ठासून लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. प्रेषित मुहम्मदांचे (स.) साथीदार अबू बक्र यांची लेक हजरत अस्मा, त्यांची आई कुतैला मूर्तिपूजक होती. मुस्लिम आणि मक्केचे कुरैश यांच्यातल्या हुदैबियाच्या तहाच्या काळात ती मदिनेला लेकीला भेटायला आली, सोबत तूप आणि वाळवलेल्या ताकाचे गोळे घेऊन. अस्मांनी आधी ते घ्यायला नकार दिला. मग प्रेषितांना (स.) विचारलं, तर उत्तर मिळालं, आईशी नातं जपा. कुरआनातल्या सूरह मुम्तहिना या अध्यायाची आठवी आयतही हेच सांगते: धर्मावरून जे तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी चांगलं वागायला मनाई नाही. प्रेषितांचे साथीदार हजरत उमर यांनी तर मक्केतल्या आपल्या मुश्रिक (मूर्तिपूजक) भावाला रेशमी वस्त्र पाठवलं होतं.

प्रेषितांनी मूर्तिपूजकाची भेटवस्तू नाकारल्याचीही एक हदीस (त्यांच्या उक्ती-कृतीची नोंद) आहे, पण बहुतेक फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) तिचा अर्थ प्रसंगापुरताच लावतात.

वस्तू मात्र हलाल (धर्माने परवानगी दिलेली) हवी. हलाल नसलेलं मटण आणि दारू नको, देवाला वाहिलेला प्रसादही बहुतेक उलेमा (धर्मपंडित) वर्ज्य मानतात. पण ताई, आईने दिलेली साडी, भाचीच्या हातची चकली बिनदिक्कत घ्या. आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा माहेरी नक्की पाठवा.