‘डिटी बॅग’ला मराठीत काय म्हणावे?

एका प्रदर्शनाचे फलक मराठीत करते आहे. १९व्या शतकातल्या ब्रिटिश आणि अमेरिकी शिडाच्या जहाजांवर खलाशी स्वतःच्या हाताने कॅनव्हासची छोटी पिशवी शिवत आणि सुया, दोरा, मेण असं किडूकमिडूक तीत ठेवत. तिला ‘हस्तसाहित्य थैली’ सुचवलं गेलंय. कॅनव्हासला ‘तागाचे कापड’ चालेल?

—

ताई, ‘हस्तसाहित्य थैली’ ऐकून सरकारी निविदा आठवते. सरळ ‘खलाशाचा बटवा’ लिहा.

ताग मात्र नको. कॅनव्हास हा शब्दच ‘कॅनाबिस’वरून आलाय, म्हणजे भांगेच्या रोपाचा वाख. शिडाला जवसाच्या झाडाचा धागाही वापरत, आणि अमेरिकेत पुढे सुती कापड आलं. ‘जाडेभरडे शिडाचे कापड’ म्हटलं की भागतं.

—

बटव्याला माझी हरकत आहे. बटव्याची नाडी नेफ्यातून ओवलेली असते. इथे तोंडाशी सगळीकडून भोकं असतात. प्रत्येक भोकातून एकेक दोरी निघते आणि वर सगळ्या एकत्र येतात, अगदी शिंक्यासारख्या. त्या दोऱ्यांवर एक विणलेली गाठ खाली-वर सरकते. ती खाली ओढली की तोंड बंद. खरी कलाकुसर पिशवीपेक्षा या दोऱ्यांतच दिसते.

—

काका, हरकत मान्य, पण वाचणाऱ्याला आकार आधी कळू द्या. ‘बटवा’ लिहून पुढे दोऱ्यांचं वर्णन द्यावं.

त्या सरकत्या गाठीला ‘टर्क्स हेड’ म्हणतात. पागोट्यासारखी दिसते म्हणून. ‘पागोटेगाठ’ करण्याचा मोह होईल, पण गाठींच्या नावात हा खेळ नको. न्यू बेडफर्डच्या क्लिफर्ड अ‍ॅश्लीने १९४४ साली गाठींचा जो कोश काढला, त्यात साडेतीन हजारांवर नोंदी आहेत. किती बारशी करणार? आपल्याकडे निरगाठ, सुरगाठ, सरकफास आहेत, ते जिथे बसतात तिथेच वापरा.

—

झालरीला मात्र आपला शब्द तयार आहे. कॅनव्हासच्या काठाचे आडवे धागे उपसून काढायचे, उरलेल्या उभ्या धाग्यांना गाठी मारत जाळी करायची. खलाशी तिला मॅकनामारा लेस म्हणत. मराठीत त्या ‘दशा’. पंचाच्या असोत की शिडाच्या, दशाच.

—

दशा पटल्या! आणि ‘पाम’? ‘तळहात’ लिहिलं तर हसतील.

—

हसतीलच. तो हातात चढवायचा चामड्याचा पट्टा असतो. त्यात धातूची खाचखळगे असलेली चकती बसवतात आणि तिने सुईचं नेढं रेटायचं. ‘शिडं शिवायचं अंगुस्तान’ लिहा. सुईला ‘दाभण’ म्हणायला हरकत नाही, फक्त टोकाशी ती तिधारी असते हे सांगा. दोऱ्याचे पेड उकलायचा फिड लाकडाचा किंवा हाडाचा, मार्लिनस्पाइक लोखंडाचा. दोघांनाही ‘टोच्या’ चालेल, पण पुढे ‘लाकडी’, ‘लोखंडी’ जोडा, नाहीतर एकाच पेटीत दोन टोचे कशाला, असं विचारतील.