मदत हवी आहे: बाष्पीभवनाच्या प्रयोगात हवेतला दमटपणा कसा धरायचा?

भाचीच्या नववीच्या विज्ञान प्रकल्पासाठी, तापमान वाढल्यावर पाण्याचं बाष्पीभवन किती वेगानं वाढतं ते घरी मोजतोय. नेरुळला खाडीजवळ राहतो. घरात ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आहे.

सारख्या तोंडाच्या स्टीलच्या ताटल्यांत मोजून पाणी घेतलं: एक खोलीच्या तापमानाला, एक ४० अंशांवर, एक ५० अंशांवर. गरम ताटल्या कोमट पाण्याच्या पातेल्यावर झाकणासारख्या घट्ट बसवल्यात. पंखा बंद, खिडक्या बंद. वजन करण्याआधी ताटलीचा तळ पुसतो, तेव्हा चूक तिथे नसावी. काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो.

अडचण अशी की ४० अंशांची ताटली ३० अंशांच्या ताटलीच्या कितीतरी पट वेगानं आटते. संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) मात्र ३० अंशांना सुमारे ४.२ किलोपास्कल, ४० ला ७.४ आणि ५० ला १२.३, म्हणजे पहिल्या टप्प्यात दुप्पटही नाही. मग खोलीतल्या हवेतल्या वाफेचा दाब, अंदाजे ३.४ (४.२ चे ८० टक्के), वजा केला. उरतात ०.८, ४ आणि ९. हे आकडे निरीक्षणाशी बरेच जुळतात, आणि मुलीलाही ते पटलं.

स्पिरिटसारखे ज्वलनशील द्रव शाळेला चालत नाहीत, घरात एसी नाही.

आलेख तापमानाऐवजी या फरकाशी काढला तर नववीच्या पातळीवर योग्य ठरेल का? की गरम पाण्यावरची हवा आपोआप वर चढते म्हणून तोही सरळ रेषेत येणार नाही, आणि पंखा एकाच वेगावर चालू ठेवून पुन्हा मोजावं?