रोलमधून बटर गळतंय, त्याला यीस्ट जबाबदार नाही

एका ताईंनी लिहिलंय की क्रेसेंट रोल (बटर लावून गुंडाळलेले चंद्रकोरीसारखे पाव) भाजताना ट्रेमध्ये बटरचं तळं झालं, म्हणजे यीस्टच जुनं असणार. मला नाही पटत. यीस्ट मेलेलं असतं तर पीठ फुगलंच नसतं. खरी गोम रेसिपीतल्या 'रोल फुगायला उबदार जागी ठेवा' या सल्ल्यात आहे. तो थंड मुलखातल्या लोकांचा. इथे गोव्यात, फोंड्यात एप्रिलमध्ये माझ्या ओट्यावरच ३२-३३ अंश असतात, आणि बटर साधारण त्याच सुमाराला वितळायला लागतं. गुंडाळलेल्या पदरांतलं बटर भट्टीत जायच्या आधीच पिठात मुरतं नाहीतर बाहेर येतं.

मी आता पहिल्यांदा पीठ बाहेर फुगवते (पाऊण तास पुरतो), मग लाटून, मऊ बटर फासून, त्रिकोण कापून रुंद बाजूकडून गुंडाळते आणि ट्रे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर, की थेट ओव्हनमध्ये. टोक खाली दाबायला विसरू नका, नाहीतर रोल उलगडतात. माझे दोनदा उलगडले, मुलांनी 'पोदेराकडनं (पाववाल्याकडनं) पावच आणूया' म्हणून घेतलं.